चौथं माफीपत्र

४ फेब्रुवारी, मंगळवार

पाऊण तासात तीन वाक्यं. "हो." "नाही." "मॅडम, तुमचा पंखा कुरकुरतोय." — बास! तोंडाला कुलूप म्हणजे कुलूप.

नवीन मुलगी. वय सोळा, केस दोन बोटांचे, पुढच्या दातांत फट आणि त्या फटीतून सारखी बारीक शिट्टी. निरीक्षणगृहातल्या मुलींनी पहिल्याच दिवशी नाव ठेवलं — शिट्टी. इथे मीही तेच लिहीन. खरं नाव फाइलमध्ये आहे, ते तिथेच असू दे.

प्रकरण असं: मोठी बहीण लाँड्रीत कामाला. लाँड्रीच्या मालकाची स्कूटर हिने न विचारता काढली, कोपऱ्यावर एका म्हाताऱ्या घड्याळजींना उडवलं आणि पळाली. त्यांचं उजवं मनगट मोडलं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाचं उजवं मनगट! दुसऱ्या दिवशी ही स्वतःच चौकीत हजर झाली. "गाडी मी चालवत होते." पोलिसांचं कामच सोपं.

चोवीस तारखेला बालन्याय मंडळ ठरवणार — माझ्या देखरेखीखाली घरी, की दोन वर्षं दुसऱ्या शहरातल्या सुधारगृहात. ते बरंचसं समुपदेशक म्हणून मी दिलेल्या अहवालावर. नेहमीचं पहिलं वाक्य तिला सांगितलं: या खोलीतलं या खोलीतच राहतं. तिने मान डोलावली.

ही पोरगी घरी जाणार. मी ठरवलंय.

६ फेब्रुवारी, गुरुवार

माफीपत्र लिहायला बसवलं. चौदा वर्षं हेच माझं हत्यार आहे, आणि मंडळालाही ते ठाऊक आहे. माझे नियम भिंतीवर चिकटवलेले आहेत. 'पण' लिहायचं नाही. काय केलं, काय दिसलं, ते नेमकं लिहायचं. गयावया करायची नाही — माफ करायचं की नाही ते समोरचा बघेल.

शिट्टीने लिहिलं: "काका, मी चुकले. पुन्हा असं करणार नाही."

ही माफी आहे की शाळा बुडवल्याची चिठ्ठी? परत दिली.

"अजून काय लिहू मॅडम? तुम्ही सांगा, मी तेच लिहिते."

"मी कुठे होते तिथे? तू होतीस."

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. दातांतली शिट्टी थांबली. मला वाटलं, चला, आता पाझर फुटतोय!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

नवरा म्हणतो, "मला त्या पोरीची दया येते." (पोरगी कोण, काय, त्याला काही माहीत नाही. मी जेवताना एवढंच म्हणाले होते, की एका पोरीचं पत्र अडलंय.) लग्नाच्या पहिल्या वर्षी हा माझ्या आईला स्टेशनवरून आणायला विसरला होता, तेव्हा त्यालाही मी माफीपत्र लिहायला लावलं होतं. दोनदा परत केलं. तिसरं अजून कपाटात आहे, साड्यांखाली. "तुला ऑफिसात कुणी मिळालं नाही ना, की माझा नंबर लागतो!" तो म्हणाला.

हसले खरी. रात्रभर मात्र एकच विचार — ही पोरगी लिहीत का नाही?

९ फेब्रुवारी, रविवार

आज भेटीचा वार, म्हणून सुट्टी सोडून गेले. बहीण आली होती. एकवीस-बावीसची, कडेवर सहा महिन्यांचं बाळ. बाळाने तिच्या मोकळ्या लांब केसांची बट मुठीत अशी धरली होती, की सोडायला तयार नाही. बहीण रडत होती आणि शिट्टी तिची समजूत घालत होती! "ताई, मी मजेत आहे गं. इथे टीव्हीपण आहे. तू बाळाकडे बघ."

वहीत टिपलं: स्वतःच्या अपराधभावापासून पळते आहे. खाली दोन रेघा मारल्या.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दुसरं परत. तिसरं परत. तिसऱ्यात पोलिसांच्या कागदातली वाक्यं जशीच्या तशी — "भरधाव वेगाने व निष्काळजीपणे". सोळा वर्षांची पोर असं लिहिते होय!

निरीक्षणगृहाच्या अधीक्षकबाई जिन्यात भेटल्या. "तुम्ही त्या पोरीच्या अगदी खनपटीलाच बसलात की हो."

बसलेय. बसणार.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मिळालं! मिळालं!

आज लिहायला सांगितलंच नाही. म्हटलं, डोळे मीट आणि नुसतं सांग, तू गाडीवर आहेस, काय दिसतंय? तिने डोळे मिटले. मग स्वतःच कागद ओढला आणि सरळ लिहीत गेली. उतरवून ठेवते:

"वारा खूप होता. केस सारखे तोंडावर येत होते, तोंडात जात होते. मी ते बाजूला करेपर्यंत आजोबा अगदी समोर आले होते. त्यांच्या हातात डबा होता. डबा आधी पडला. झाकण गोल फिरत रस्त्याच्या पलीकडे गेलं. मी झाकणाकडे बघत राहिले. आजोबांकडे बघायचं धाडस झालं नाही. आजोबा, आम्ही थांबायला हवं होतं."

एकही 'पण' नाही! ते केस, ते झाकण — असलं शिकवून येत नाही. माझे डोळे भरून आले. तिला जवळ घेतलं, तर ती लाकडासारखी ताठ. असो. होतं असं, मन मोकळं झाल्यावर.

१७ फेब्रुवारी, सोमवार

अहवाल दिला. सोबत पत्र. अधीक्षकबाईंनी वाचलं आणि चष्मा पुसला. या बाईंना मी आजवर फक्त वीजबिलावर हळहळताना पाहिलंय.

पोरगी घरी जाणार!

२० फेब्रुवारी, गुरुवार

केस कापणारी बाई महिन्यातून एकदा येते. व्हरांड्यात खुर्ची मांडते, मुली रांगेने बसतात. मी चहा घेऊन उभी होते. शिट्टीचा नंबर आला, तशी बाई म्हणाली, "तुझं काय कापू गं? इथे कात्रीत धरायलाच काही नाही!"

शिट्टी म्हणाली, "माझे पहिल्यापासून असेच. आई वेणी घालायचा कंटाळा करायची."

मुली हसल्या, मीही हसले. आणि खोलीत परत येताना पत्रातलं पहिलंच वाक्य आठवलं.

फाइल काढली. अटकेच्या दिवशीचा फोटो. दोन बोटांचे केस. असे केस वाऱ्याने तोंडात जात नाहीत. कितीही वारा असू दे.

मग तोंडात गेले ते कुणाचे? पुढे बसलेल्या माणसाचे. लांब, मोकळे. बाळ मुठीत धरतं ते.

तिला बोलावलं. फक्त फोटो आणि पत्र शेजारी शेजारी ठेवलं. तिने एकदा पाहिलं आणि तिला कळलं.

"मॅडम, बाळ अंगावर पितंय अजून," ती म्हणाली. "ताईला मोठ्यांच्या तुरुंगात टाकतील. मी लहान आहे, मला काय, दोन-चार महिने. घरात सगळ्यांनी मिळून तसंच ठरवलंय." आणि मग, "या खोलीतलं या खोलीतच राहतं. तुम्हीच म्हणालात."

म्हणाले होते.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

अधीक्षकबाईंना एवढंच सांगितलं, की अहवालात माझी चूक झाली आहे. त्यांनी दार लावून घेतलं. "मंडळ खूश आहे, मुलगी घरी चाललीय, आणि तुम्हाला आत्ता चूक सापडली? चौदा वर्षांच्या नावावर पाणी सोडणार आहात का?"

घरी येऊन भांडी आदळली.

कशाचा राग आला ते सरळ लिहिते: मी तिला एकदाही विचारलं नाही. 'तूच चालवत होतीस का?' — चार शब्द! मी पश्चात्तापाच्या मागे लागले आणि साधा प्रश्न राहून गेला. तिला लिहिता येत नव्हतं, कारण लिहायला तिच्याजवळ काही नव्हतं. आणि मी म्हणत होते, तोंडाला कुलूप. चौथ्यांदा तिने खरं लिहिलं, आणि तेही मला वाचता आलं नाही.

तिचं गुपित तिचं आहे. ते मी फोडणार नाही. माझी चूक मात्र माझी आहे. अहवाल मागे घेणार, नव्याने चौकशी करायला मुदत मागणार. ठरलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

तिला सांगितलं. "म्हणजे मी अजून इथेच?"

"काही दिवस, हो."

"आणि त्यांनी कारण विचारलं तर?"

"समुपदेशकाची चूक. याच्यापुढे एक अक्षर बोलणार नाही."

ती चिडली. रडली. पहिल्यांदाच रडताना पाहिलं. मी तिच्यापुढे कागद ठेवला — माझं माफीपत्र, तिच्या नावाने. तिने वाचलं, भिंतीवरचे नियम पाहिले, आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"चौथ्या ओळीत 'पण' आहे, मॅडम."

होता. 'पण तूही सांगायला हवं होतंस.' माझे कान गरम झाले. तिथेच तिच्यासमोर बसून दुसऱ्यांदा लिहिलं:

"मी तुला विचारलं नाही. धरून चालले. तुझ्याकडे नसलेली गोष्ट मी तुझ्याकडे तीनदा मागितली. तू इतके दिवस बहिणीचं ओझं घेऊन माझ्यासमोर बसलीस आणि मी तुझ्या पत्रांतल्या चुका काढल्या."

तिने घडी घालून खिशात ठेवलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

भेटीची खोली, काचेच्या अलीकडे मी. शिट्टीने खिशातून माझा कागद काढला आणि बहिणीला वाचून दाखवला. ऐकू काही आलं नाही. बहिणीने एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग बाळाच्या मुठीतली बट हळूच सोडवली आणि वेळ संपायच्या आधीच निघून गेली.

पोरगी गमावली बहुतेक. दोघीही. तरी उद्या जाणार.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मंडळाच्या दारासमोरच्या बाकावरून लिहितेय. अहवाल मागे घेण्याचा अर्ज अजून माझ्या हातातच आहे. पुकारा झाला, आणि मी उठायच्या आत बहीण उठली. कधी येऊन मागे बसली होती, कळलंही नाही. तिने बाळ शिट्टीच्या मांडीवर ठेवलं, केस मागे घट्ट बांधले आणि शिपायाला म्हणाली, "आधी मला आत सोडा. गाडी मी चालवत होते."