आजीची सकाळची झिंग

विलार सेको, ४ ऑक्टोबर १९८९

चि. ओतिलियास आजीचे पुष्कळ आशीर्वाद.

मी अजून जिवंत आहे, हे विसरलीस वाटतं. पोर्तो शहराची हवा आठवणीला बाधते म्हणतात. मला अक्षर येत नाही, म्हणून लिहायला तुझी आई अर्मिंदा बसली आहे आणि पुढचं लिहिताना तिचं तोंड आंबट होणार आहे. ती म्हणते, मी दारुडी झाले. आपल्याकडे सगळेच सकाळी पोटातला किडा मारायला घोटभर दारू घेतात, तेवढीच मी घेई. पण हल्ली उपाशीपोटी चर्चमध्ये मिस्साला निघाले की घाम फुटतो, झोकांड्या जातात. परवा पाद्रीबुवांना तुझे आजोबा समजून झापलं. अर्मिंदाने बाटली कुलपात घातली, तरी तेच. गोड कॉफी पाजली की मी ताळ्यावर येते. ती म्हणते, बघा, उतरली. नाताळाआधी मला वृद्धाश्रमात धाडायचं ठरवते आहे. अर्मिंदा, हेही लिही, गाळू नकोस.

तुझी आजी देओलिंदा

पोर्तो, ११ ऑक्टोबर

ती. आजीस सा. न. वि. वि.

विसरले नव्हते, आळस केला. आई, हे मोठ्याने वाच. साखरेने दारू उतरत नाही. उतरली असती, तर आपलं गाव जत्रेत मिठाई खाऊन शुद्धीवर दिसलं असतं. शेजारच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजीची रक्तातली साखर घसरत असणार, इकडे आणून तपासा. वृद्धाश्रमाचं नाव तोवर काढू नकोस.

ओतिलिया

विलार सेको, २ डिसेंबर

चि. ओतिलियास आशीर्वाद.

सुखरूप घरी पोचले. तू कामावर होतीस, म्हणून तपासणीची मजा सांगते. मला मुद्दाम उपाशी ठेवलं. घोट नाही, बाटली नाही, तरी मी तुझ्या आईच्या डोळ्यांदेखत डुलायला लागले. रक्त काढलं, तर साखर तळाला. स्वादुपिंडात हरभऱ्याएवढी गाठ, नको असताना इन्सुलिन सोडत बसलेली. म्हणजे चोरटी भट्टी खरंच होती, फक्त माझ्या पोटात. ती कापून काढली. तुझी आई रडली. हे लिहायला ती तयार नव्हती, मी लिहायला लावलं.

आज उपाशीपोटी चर्चच्या पायऱ्या सरळ चढले. पाद्रीबुवा जरा लांबच उभे राहिले. वृद्धाश्रमाची खोली अर्मिंदाने दुसऱ्या कुणाला देऊन टाकायला सांगितली. नाताळची हंडी माझ्याच चुलीवर चढणार.

आहे ती माया आटू देऊ नकोस.

तुझी आजी देओलिंदा

ता. क. हंडीसाठी खारवलेला कॉड मासा पाठव, पाठीकडचा, जाड तुकड्यांचा. शेपटीकडचा आला, तर आल्या पोस्टाने परत येईल.