सर्कल काढायच्या आधी

न्यू जर्सी,
४ मे १९८६

प्रिय नरेंद्र,

आमच्या चौकातलं ते गोल सर्कल काढून तिथे सिग्नल बसवणार म्हटल्यावर तू फोनवर हसलास. बरं झालं अक्का, जुनाट प्रकार तो, म्हणालास. मला ते मुळीच आवडलं नाही. तू तिकडे कॅरी गावात बसून रस्त्यांचे नकाशे काढतोस, इथे रोज गाडी घालायची ती मला.

सर्कलमध्ये खोट आहे, मी कुठे नाही म्हणते. आधी कोणी जायचं हे कुणालाच ठाऊक नाही. उन्हाळ्यात समुद्रावर निघालेल्या गाड्या आत शिरूच देत नाहीत. मागच्या बर्फात एक ट्रक माझा आरसा घेऊन गेला, थांबलासुद्धा नाही. शेजारची कांचन म्हणते, मावशी, सिग्नलच बरा, लाल झाला की निदान लिपस्टिक तरी लावता येते. तिचं ठीक आहे. ती पाट्या वाचते.

मी चौथी शिकलेली, तीही मराठीत. इंग्रजी अक्षरं जुळवेपर्यंत पाटी मागे जाते. सर्कलमध्ये त्याने काही बिघडत नाही. फाटा चुकला तर आणखी एक फेरी मारायची. डोनटचं दुकान दिसलं की पुढचा फाटा हॉस्पिटलचा. सिग्नलला चुकीच्या रांगेत सापडलं की मागचे भोंगे वाजवतात आणि आपण थेट हायवेवर. एकदा तशी गेले होते. परत यायला दुपार झाली.

पूर्वी तुझे दाजी शेजारी बसून पाट्या वाचायचे. मी स्टिअरिंग धरायचं, त्यांनी ओरडायचं. घरी येईपर्यंत भांडण, पण पोचायचो.

आता ऐक. दाजींना दिसत नाही. साखरेनं डोळे नेले, दिवाळीपासून उजेड-अंधार तेवढा कळतो. तुला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती, ती मी मोडतेय. मी थकले रे. ते अजून विचारतात, पाटी आली का, आणि मी आली म्हणते. मूत्रपिंडंही गेलीत, आठवड्यातून तीनदा रक्त साफ करायला त्याच हॉस्पिटलात न्यावं लागतं. एक जूनपासून सर्कल खणणार आहेत. तू ये. माझ्या शेजारी बस आणि नवा रस्ता डोक्यात बसेपर्यंत माझ्याकडून गाडी चालवून घे. फोनवर बोलू नकोस, ते ऐकतात. पत्र लिही, मराठीत, मोठ्या अक्षरात. येतोस की नाही, वीस तारखेच्या आत मला कळलं पाहिजे.

तुझीच,
अक्का