दोन पांढऱ्या गाड्या, चार पाट्या

चंद्रपूर,
३ फेब्रुवारी २०२५

आदरणीय रामाजीमामा यांस,
रिनाचा सविनय जयभीम.

तुमचा गुडघा आणि मामींचं बीपी कसं आहे ते प्रफुलदादाकडून कळतं. तुमच्याकडून कळत नाही, कारण तुम्ही माझा फोन उचलत नाही. म्हणून पत्र. आधी जे झालं तेवढंच, क्रमाने:

१. २६ जानेवारीला झेंडावंदन आटोपून मी सावली गावी, तुमच्याकडे आले. आजोबांच्या १९६९च्या ॲम्बॅसिडरची विंटेज म्हणून नोंदणी करायची होती. त्यासाठी चेसिस नंबरचा पेन्सिलने छाप घ्यायचा होता.
२. चेसिसवरचा नंबर आरसी बुकातल्या नंबराशी जुळला नाही.
३. रंग खरवडून आणखी दोनदा छाप घेतला. तोच नंबर आला.
४. इंजिन नंबरही जुळला नाही.
५. मी अंगणात, अकरा माणसांसमोर म्हणाले, "मामा, ही आजोबांची गाडी नाही."
६. तुम्ही आत गेलात. मी न जेवता परतले.

दोन ते चार या मुद्द्यांबद्दल मला काही वाटत नाही. (मी ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केला आहे, आरटीओत रोज पंधरा-वीस गाड्या तपासते. आकडा वाचायला मी चुकत नाही.) पाचव्याबद्दल वाटतं. ते मी तुम्हाला बाजूला घेऊन, एकट्याला सांगू शकले असते. पण कामावर सवय अशी आहे की दोष दिसला की मोठ्याने म्हणायचं, म्हणजे शेजारी उभा असलेला लिहून घेतो. तुमच्या अंगणात लिहून घेणारं कोणी नव्हतं. पेढे घेऊन उभे असलेले होते. तुम्ही दारातून विचारलंत, "तू मामाले भेटाले आली का मामाच्या गाडीले पकडाले?"

गडचिरोलीला घरी जाऊन मी छापाचा कागद टेबलावर ठेवला. बाबांनी तो पाहिला, चष्मा लावून परत पाहिला आणि पेटीतून आमच्या जुन्या ॲम्बॅसिडरचं आरसी बुक काढलं. (ती गाडी त्यांनी २००८ साली भंगारात दिली, बुक जमा करायचं राहून गेलं. त्याबद्दल मी त्यांच्याशी स्वतंत्र बोलले आहे.) चेसिस आणि इंजिन, दोन्ही नंबर छापाशी जुळले. म्हणजे तुमच्या अंगणात उभी आहे ती आमची गाडी. भंगारात गेली ती आजोबांची.

मग मी लटारूभाऊंना गाठलं. (त्यासाठी तुम्हाला न कळवता सावलीला आले, त्याची माफी.) १९९६ साली आईबाबांच्या लग्नाचा मांडव आणि गाड्यांची सजावट त्यांचीच होती. वराकडची ॲम्बॅसिडर पांढरी, वधूकडचीही पांढरी. नंबराच्या जागी "राजदीप - सरिता" असं थर्माकोलचं नाव बसवायचं म्हणून त्यांनी दोन्ही गाड्यांच्या चारही नंबरपाट्या स्क्रू काढून एकाच पिशवीत टाकल्या आणि पाठवणीआधी परत लावल्या. त्यांचं म्हणणं असं: "दोन्ही पांढऱ्याच होत्या न बाई, मले काय मालूम कोणती कोनाची? पाट्या तं मी सीध्याच लावल्या. एकही उलटी लावली असन तं सांग!" पाट्या खरंच सरळ लावल्या होत्या. दोन्हीकडच्यांनी आपापला नंबर पाहिला आणि दुसऱ्याची गाडी घरी नेली. किल्ल्या गाडीतच होत्या. पुढे नूतनीकरणाला आरटीओत नुसते कागद एजंट नेत राहिला आणि गाडी अंगणातच राहिली.

मामी लग्नाच्या त्याच संध्याकाळी म्हणाल्या होत्या म्हणे, "हॉर्न बदलला काऊन?" तुम्ही सांगितलंत, वरातीत वाजवून वाजवून बसला असेल. नंतर त्यांनी डिकीला बकरीचा वास येतो असंही सांगितलं होतं. (येणारच. आमच्या गाडीतून एटापल्लीच्या बाजाराला बकऱ्या जायच्या.) एकोणतीस वर्षं एकाच माणसाचं बरोबर होतं आणि त्याला कोणी विचारलं नाही. मीही नाही.

सर्वांत जड आहे ते मागच्या डाव्या सीटचं. आजोबा तिथे बसायचे म्हणून, आईच्या लग्नाआधी वर्षभर ते गेले तेव्हापासून, तुम्ही तिथे त्यांची उशी ठेवता. लहानपणी मी एकदा बसले, तेव्हा तुम्ही रागावला नाहीत. हाताला धरून उतरवलंत. मामा, त्या सीटवर आजोबा कधी बसलेले नाहीत. हेमलकशाच्या दवाखान्यात जाणारे पेशंट बसायचे. बाबा सांगतात, एक बाई तिथेच, दवाखान्याच्या अलीकडे, बाळंत झाली. मुलगी झाली. आजोबांच्या खऱ्या सीटचं काय झालं ते मी बाबांना विचारलं नाही. (विचारलं. सांगणार नाही.)

प्रफुलदादा म्हणतो, तुम्ही उशी आत नेली आहे आणि गाडी धुणं थांबवलं आहे. नंबर मी आजही तोच वाचेन. पण ही गाडी तुम्ही अंदाजे पंधराशे रविवार स्वतः धुतली आहे, हा आकडाही मला त्या दिवशी माहीत होता. तो मी धरला नाही. ही माझी चूक आहे.

उपाय आहे. बाबा त्यांच्या बुकावर ही गाडी तुमच्या नावे करून द्यायला तयार आहेत. फॉर्म सोबत आहे; पेन्सिलने फुली केली आहे तिथे सही करावी. नंबरपाटी बदलेल. उशीबद्दल कोणताही नियम नाही.

तुमची भाची,
रिना

ता. क. १ : मामींना सांगा, हॉर्न वेगळाच आहे. मी तपासला.

ता. क. २ : सहीची घाई नाही. घाई दुसऱ्या गोष्टीची आहे. ४ मे रोजी माझं लग्न आहे. परवाच ठरलं. (मुलाचं नाव पवन. तुम्हाला कळवायचं काम आईने माझ्यावर टाकलं आणि मी ते इथपर्यंत लांबवलं.) आईनंतर नात्यातली प्रत्येक मुलगी या गाडीतून सासरी गेली, गाडी तुम्हीच चालवलीत. मलाही तसंच जायचं आहे. मी मागे डावीकडे बसेन. उशी आणलीत तर मांडीवर घेईन. पाट्यांना कोणी हात लावायचा नाही. थर्माकोल बोनेटवरही बसतं.

तुम्ही येणार की नाही, ते रविवार, १६ फेब्रुवारीपर्यंत कळवावं.