पळसाच्या पानांचा नवरा

कल्याण, मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८०९

राजश्री बाळ कळवेकर, नाटक मंडळीत राणीचे काम करणारे, मुक्काम ठाणे, यांस कल्याणच्या मुलींच्या शाळेतील बाईंचा नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे. थंडी बरी पडली आहे. मुलींची परीक्षा तोंडावर आली असून त्यांना तिचे काडीइतके भय नाही.

तुमचा निरोप तुमच्या मंडळीतल्या पंढरी तबलजीने आणून पोचवला. टेंभी नाक्याजवळच्या धर्मशाळेत तुम्ही पडून आहात, खोकला थांबत नाही, मंडळी तुम्हाला मागे टाकून पुढच्या गावी गेली, आणि मी शास्त्रीबोवांपुढे एक शब्द फिरवला तर अजूनही सगळं सावरेल. पंढरीही उद्या मंडळीला गाठायला निघणार आहे. हे पत्र जाता जाता तोच तुमच्या हाती देईल.

उत्तर लिहीनच. पण आधी तुमच्या खेळाबद्दल लिहिते, कारण शाळेच्या वतीने आभार मानायचे राहून गेले.

जुनी संस्कृत नाटकं मराठीत आणून भर दुपारी शाळेच्या वर्गात करून दाखवायची, हे तुमच्या मालकांचं खूळ मला फार आवडलं. रात्रीच्या तिकिटाच्या खेळाला मुलींना कोण पाठवतो? पडदा नाही, रंगीत देखावे नाहीत. फळ्यापुढे माझी खुर्ची ठेवली की झालं सिंहासन. बस्करांवर बसलेल्या मुलींनी डोळ्यांची पापणी हलवली नाही.

राणी आली. राजाने टाकलेली, त्याची वाट पाहणारी. अंगावर शालू, नाकात नथ, कपाळभर कुंकू आणि गुडघ्यापर्यंत केस. शेवंती नावाची माझी एक वाह्यात विद्यार्थिनी आहे. ती मोठ्याने म्हणाली, "अगं बाई, राणीचे केस बघा हो केवढे!" मग तिची नजर माझ्या डोक्यावरच्या पदराकडे गेली आणि तिने जीभ चावली. तुम्हाला ते ऐकू गेलं असेल. ती खोटी वेणी कुणाच्या केसांची होती, हे तुम्ही कधी विचारलंत का?

आवाज मी ओळखला नाही. तो आता बसलाय, आणि हनुवटीवरची खुंटं सफेद्यातून दिसतात. पण राजा निघून गेल्यावर राणी रडायला लागली, आणि रडताना तिने डाव्या करंगळीचं नख दातांत धरलं. लग्नाच्या होमाचा धूर डोळ्यांत गेला तेव्हा माझ्या शेजारच्या पाटावर बसलेल्या मुलाने असंच केलं होतं. मी नऊ वर्षांची होते. त्या दिवशी मी दुसरं काही पाहिलं नव्हतं.

आता लाजायचं कुणाला? लिहूनच टाकते. मी खुळ्यासारखी आनंदले. परशुराम त्रिंबक बेहेरे, माझा नवरा, ज्याचं कुंकू मी सोळा वर्षं लावलं आणि पाच वर्षांपूर्वी पुसलं, तो माझ्या वर्गात, माझ्या खुर्चीत, माझ्याहून भारी लुगडं नेसून बसला होता. मुली टाळ्या वाजवत होत्या. मी कोपऱ्यात तोंडाला पदर लावून हसत होते की रडत होते, मलाच कळेना. घरी जाऊन मी आरशात डोकं पाहिलं, आणि केस वाढायला किती दिवस लागतील याचा विचार केला. इतकी मी मूर्ख.

तुमच्यामागे काय झालं ते तुम्हाला मी सांगते. त्या वेळी तुम्ही तिथे नव्हतात ना. नाटकवाल्यांबरोबर तुम्ही पळालात तेव्हा मी तेरा वर्षांची. बारा वर्षं माणसाचा पत्ता नाही म्हटल्यावर तुमच्या थोरल्या भावांनी, भावजींनी, शास्त्रीबोवांना बोलावलं. पळसाच्या पानांचा माणूस केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला आणि खाडीकाठी त्याला अग्नी दिला. पिंडाला कावळा शिवेना. सगळे उन्हात ताटकळले. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि घरी आले. न्हावी परसात येऊन बसलेलाच होता.

तुम्ही जिवंत आहात हे भावजींना ठाऊक होतं. ठाण्याच्या कोर्टात कामाला गेले असता त्यांनी तुम्हाला लुगडं नेसून नाचताना पाहिलं होतं. जाऊबाई एकदा भांडणाच्या भरात बोलून गेल्या. धाकटा भाऊ नाटकात बाई होतो, यापेक्षा तो मेलेला बरा, असा साधा हिशेब. त्यांचा मला राग आहेच, पण तो जुना आहे आणि त्याची सवय झाली आहे.

खेळाच्या दुसऱ्या दिवशी पंढरी शाळेत राहिलेली सतरंजी न्यायला आला. गप्पिष्ट माणूस. मी कोण हे त्याला माहीत नव्हतं. मी सहज विचारलं, "तुमची राणी मूळची कुठली हो?"

"राणी? अवो, ती तर भूत हाय बाई!" तो हसत सुटला. "घरच्यांनी कवाच जाळलीया. पाच वर्सांमागं त्याला कुनीतरी येऊन सांगितलं, बाबा तुजं तेरावं बी झालं! तवापास्नं बिऱ्हाडावर तो आमाला त्याची नक्कल करून दावतो. हसून हसून पोट दुखतंय."

मी म्हटलं, "कशी करतात? दाखवा ना."

त्याने दाखवली. खाली बसून मान पुढे घातली, दोन्ही हातांनी डोकं झाकलं, आणि बारीक आवाजात "नको हो भावजी, नको हो, ते येतील" असं ओरडला. मग न्हावी होऊन वस्तरा चालवल्यासारखा हात फिरवला. मग पुन्हा बायको होऊन मांडीवर पडलेले केस गोळा करायला लागला.

तुम्ही ते कधी पाहिलं नव्हतंत, तरी हुबेहूब केलंत. मी अगदी तेच शब्द ओरडले होते. केसही गोळा केले होते. तुम्ही मोठे नट आहात, यात शंका नाही.

पंढरीला मी गूळपाणी दिलं आणि सतरंजी दिली.

तिसऱ्या दिवशी भावजींच्या ओसरीवरून मला बोलावणं आलं. तुम्ही धोतर-पागोट्यात तिथे उभे होतात. भावजी म्हणत होते, हा कुणी तोतया आहे. तुमची बहीण असती तर शास्त्रीबोवांनी तिलाच विचारलं असतं, पण ती केव्हाच वारली. शास्त्रीबोवा म्हणाले, बायको ओळखेल ते खरं. तिने ओळखलं तर शास्त्रात वाट आहे. मेलेला परत आला की त्याला तुपात बुडवायचा, नवा जन्मला म्हणून त्याचं पुन्हा बारसं करायचं, मुंज करायची, आणि त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मात्र दाराआड उभी राहून तुमच्या त्या करंगळीकडे पाहत होते.

म्हणजे मी पुन्हा त्याच घरात, त्याच परसाकडे तोंड करून भाकऱ्या थापायच्या. सवाशिणीला पुण्याच्या ट्रेनिंग शाळेत कुणी धाडलं नसतं. विधवेला धाडलं, कारण घरात तिचं तोंड नको होतं. या शाळेतली माझी खुर्ची मला तुमच्या मरणाने मिळाली आहे. तरीसुद्धा, देवाशपथ, ती नक्कल नसती तर मी खुर्ची सोडली असती.

मी दारातून बाहेर आले, सगळ्यांदेखत तुमच्याकडे नीट पाहिलं आणि म्हटलं, "हे ते नव्हेत."

तुम्ही म्हणालात, "गोदे, असं काय करतेस? तुझ्या डाव्या पोटरीला चुलीचा डाग आहे, सांगू का यांना?"

मी म्हटलं, "तो डाग विहिरीवर सगळ्या गावाने पाहिलाय. आमच्या ह्यांना एवढंच आठवलं असतं होय?"

भावजींच्या तोंडावर जे समाधान पसरलं, ते मला आवडलं नाही. त्यांनी गड्यांना खूण केली. पायरीवरून ढकललं तेव्हा तुमचं पागोटं गटारात गेलं. तुम्ही उघड्या डोक्याने रस्त्यात उभे राहिलात, दोन्ही हात डोक्यावर धरून. नकलेत करता तसेच. मी तेवढं बघून मगच आत गेले.

आता तुमच्या निरोपाचं उत्तर. मी शब्द फिरवणार नाही. धर्मशाळेच्या माणसाने पेज, पाणी आणि काढा द्यावा अशी सोय पंढरीकडून केली आहे. अनोळखी आजारी माणसाचं कुणीही करील, तेवढंच. त्यात दुसरा अर्थ काढू नये.

माघात माझ्या यजमानांची तिथी असते. दर वर्षी मी ब्राह्मण सांगते, अळूवडी आणि खीर करते. त्यांना खीर आवडायची म्हणे; माझ्या हातची खायला ते थांबले नाहीत. यंदाही करीन. मधल्या काळात तुम्हाला काही कमीजास्त झालं, तर इकडे कळवण्याची तसदी कुणी घेऊ नये. एका नवऱ्याचं सुतक मी एकदाच धरते, आणि ते मी धरून फेडलं आहे.

कळावे,

गं. भा. गोदाबाई परशुराम बेहेरे