नऊ इंच

३ फेब्रुवारी, मंगळवार

गवंडी आजही आला नाही! फोन केला तर म्हणे, "होऊन जाईल, साहेब." काय होऊन जाईल? भिंती कंबरेएवढ्या झाल्या आहेत आणि गेले पाच दिवस कंबरेएवढ्याच आहेत. आजपासून या माणसाचं नाव ‘होऊन जाईल’.

बायको गेली त्याला सात महिने झाले. गॅरेजचा नकाशा तिच्या चौकटीच्या वहीत सापडला. गणिताच्या बाईंचा नकाशा — प्रत्येक रेघेला माप. चाळीस वर्षांची मोहरी रंगाची गाडी, तिच्या वडिलांची. तिने स्वतःच्या हातांनी चालती ठेवली. घरात गाडीचं नाव ‘म्हातारी’. सध्या म्हातारी अंगणात ताडपत्री पांघरून उभी आहे. ३१ मार्चला मेहुणा घेऊन जाणार. मीच हो म्हटलं. मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. वीस वर्षांपूर्वी फाटकावर आपटली, त्यानंतर स्टिअरिंगला हात लावलेला नाही.

त्याआधी गॅरेज वहीतल्याप्रमाणे पुरं करायचं. म्हातारीला एक दिवस तरी आत उभी करायची. बस, एवढंच.

मुलीचा फोन. "बाबा, गाडी मामाला देणार, मग गॅरेज कशाला बांधताय?"

गवंड्याचा फोन येतोय म्हणून ठेवून दिला.

७ फेब्रुवारी

‘होऊन जाईल’ उगवला. वही उलटी धरून बराच वेळ मान डोलावत होता. मी सुलटी करून दिली.

नकाशात मधोमध लांबट खड्डा आहे — गाडी त्यावर उभी करायची आणि माणसाने खाली उतरून काम करायचं. खड्ड्यात उतरायच्या पायऱ्यांशेजारी तिने एक छोटं वर्तुळ काढलंय. बाजूला फक्त "व्यास एक फूट". कशाचं, ते नाही.

"खांब आहे, साहेब."

"पायऱ्यांच्या तोंडाशी खांब? माणूस उतरणार कुठून?"

"मग पाणी जायचं भोक."

वायरमन म्हणाला, पंखा असेल. संध्याकाळी मेहुणा आला, त्याने वहीत डोकावून पाहिलं. "दाजी, ताईने चहाचा कप टेकवला असेल. त्याचा डाग तो."

डागाला कोणी व्यास लिहितं का! त्या जागेला हात लावू नका, असं सांगून मी घरात निघून आलो. नाहीतर उद्यापर्यंत तिथे खरंच खांब उभा राहिला असता.

११ फेब्रुवारी

सिमेंट आलं. वाळू नाही.

१२ फेब्रुवारी

वाळू आली. गवंडी नाही.

१९ फेब्रुवारी

खड्डा खणून, बांधून झाला. बघायला उस्ताद आले होते. उस्ताद म्हणजे तिचे मेकॅनिक. सत्तरीचे, अंगाने लहानखुरे, तिच्याएवढेच. काही अडलं की ती त्यांच्याकडे जायची, आणि त्यांचं काही अडलं की ते तिच्याकडे यायचे.

खाली उतरले. हात वर केला. वर माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, हा कोणाच्या मापाचा काढलाय?"

मला प्रश्नच कळला नाही. ते म्हणाले, असा खड्डा अंगाच्या मापाने घेतात, सदऱ्यासारखा. खाली उभं राहिलं की गाडीचा तळ डोक्याच्या जरासा वर हवा. कमी झाला तर मान मोडते, जास्त झाला तर हात पोचत नाहीत. "ताई पाच फुटांच्या. त्यांना यात टाचा उंचावून काम करावं लागलं असतं. आठ-नऊ इंच जास्त खोल गेलाय."

गवंडी उसळला. "माझ्यावर ढकलू नका! बाईंनी लिहिलंय तेच केलंय!"

वही आणली. खरंच होतं. पाच फूट पाच इंच. आकडा स्वच्छ. उस्तादांनी बोटांवर हिशेब करून सांगितलं, चार फूट आठ हवं होतं. बरोबर नऊ इंच.

चौतीस वर्षांच्या संसारात तिचं माप चुकलेलं मी पाहिलं नाही. पडदे, कपाटं, मुलीचे फ्रॉक — कधीच नाही. पण हा नकाशा काढला तेव्हा डॉक्टरांनी तिला वाकायची, चढउतार करायची बंदी केली होती. औषधांनी हात थरथरायचा. लक्ष उडत असेल. चुकलं असेल.

राग आला. कोणाचा, ते कळेना. म्हटलं, "नऊ इंच भरून काढा."

"राहू द्या की साहेब. आता कोण उतरणार आहे त्यात?"

मी आवाज चढवत नाही. ऑफिसात तेहतीस वर्षांत चढवला नाही. आज चढवला.

"बाईंच्या मापाचा करा म्हटलं ना!"

उस्ताद टोपी काढून झटकत राहिले. टोपीवर काहीही नव्हतं.

२१ फेब्रुवारी

नऊ इंच काँक्रीट. मी स्वतः दोनदा मोजलं. तिची एक चूक तरी मला दुरुस्त करता आली.

२ मार्च

शटर आलं. गुलाबी!! सांगितलं होतं करडं. दुकानदार म्हणतो, "करडंच आहे साहेब, उन्हात तसं वाटतं." सावलीत नेलं. सावलीतही गुलाबी. "डोळे तपासून घ्या," असंही म्हणाला. परत पाठवलं. शटर. दुकानदार स्वतःच गेला.

९ मार्च

फरशीला रंग दिला. दोन दिवस कोणी पाय ठेवू नका, असा कागद दारावर चिकटवला. ‘होऊन जाईल’ कागद वाचायला आत आला! आत! कागद बाहेरच्या बाजूला आहे! शटरच्या जागेपासून खड्ड्यापर्यंत चपलांचे अकरा ठसे. शेवटचा ठसा अर्धा आहे, तिथे त्याला आठवण झाली.

"पुसून टाकतो, होऊन जाईल."

पुसल्यावर ठसे गेले आणि ढग आले.

१५ मार्च, रविवार

शटर बसलं. करडं. थोडं निळसर आहे, पण आता मला भांडायचं नाही.

दिवसभर पाने-पक्कडी लावत बसलो. भिंतीवरच्या प्लायवुडसाठी तिने प्रत्येक पान्याची, पक्कडीची आकृती खऱ्या आकारात कागदावर काढून ठेवली होती. ती प्लायवुडवर उतरवली आणि एकेक वस्तू आपापल्या जागी टांगली. शेवटी उरला हातदिवा.

तो माझा. इतकी वर्षं गाडीतलं माझं काम तेवढंच. ती चटईवर आडवी होऊन गाडीखाली, आणि मी उकिडवा बसून दिवा धरणार. "अहो, बोल्टवर धरा, माझ्या डोळ्यांत नको!" दर वेळी. मग मी बोल्टवर धरायचो, तर तोपर्यंत ती दुसऱ्या बोल्टवर गेलेली असायची.

शेवटच्या वर्षी चटईही बंद झाली. एकदा स्वयंपाकघरात मी मिक्सरचा स्क्रू घट्ट करत होतो, तर ती बघत बसली होती. म्हणाली, "तुमचा हात सावकाश आहे. पान्याला असाच हात लागतो." मला टोमणा वाटला. मी स्क्रू पिळत राहिलो.

मेहुणा आला. भिंत बघून खूश. "वा! हे सगळं गाडीबरोबर द्याल ना दाजी? तुम्ही काय करणार याचं?"

बरोबरच आहे त्याचं. म्हणून जास्त लागलं.

२१ मार्च

आणखी दहा दिवस.

२८ मार्च, शनिवार

म्हातारी आत गेली. उस्तादांनी चालवली. तिसऱ्या किल्लीला चालू झाली, खोकली, मग नीट चालली. खड्ड्यावर अगदी मधोमध उभी केली. चारी बाजूंना दार उघडून वावरायला जागा. तिची मापं.

उस्ताद खाली उतरले. हात वर केले, दोनचार ठिकाणी टकटक केलं. "झाला. ताईंच्या मापाचा झाला." नंतर म्हणाले, "तुम्ही पण या साहेब. बांधलाय तुम्ही, एकदा उभे तरी राहा."

उतरलो. दोन पावलं टाकली आणि कपाळ दाणकन गाडीच्या तळाला!

उस्ताद हसले. मीही हसलो असेन थोडा. मान तिरपी करून, खांदे आत घेऊन उभा होतो, चुकीच्या कपाटात कोंबल्यासारखा. ते हसता हसता थांबले.

"उंची किती हो तुमची?"

"पाच फूट नऊ."

त्यांनी खिशातून टेप काढला, पण उघडला नाही. वरच्या गाडीकडे पाहिलं, खालच्या काँक्रीटकडे पाहिलं.

"ताई पाच," ते म्हणाले. "तुम्ही पाच-नऊ."

मी कपाळ चोळत होतो. चोळायचा थांबलो.

"त्यांचं माप चुकलं नव्हतं, साहेब."

वर आलो. चहा विचारायचं राहिलं. उस्तादही थांबले नाहीत.

२९ मार्च, रविवार

सकाळी स्वयंपाकघरातलं स्टूल मोजलं. उभं राहवेना तेव्हापासून ती ज्यावर बसायची ते. बैठक गोल, बरोबर एक फूट. नेऊन पायऱ्यांशेजारी तिच्या वर्तुळाच्या जागी ठेवलं. तिथे बसलं की खड्ड्यातला माणूस पूर्ण दिसतो. त्याचे हातही दिसतात.

मेहुण्याला फोन केला. म्हातारी देत नाही.

"अहो दाजी, पण तुम्हाला त्यातलं —"

"शिकेन."

मग गवंड्याला. नऊ इंच फोडून काढा.

"पुन्हा पाच फूट पाच?" तो ओरडलाच.

म्हटलं, "बाईंनी लिहिलंय तेच."