कच्चा दोरा

दि. ९ नोव्हेंबर, रविवार

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

कडक बिस्किटांचा डबा मिळाला. आईच्या तोंडात दात उरलेले नाहीत हे तू विसरलास, त्याबद्दल आभार. लहानपणी दप्तर विसरून शाळेत जायचास, आता आईचं तोंड विसरलास. प्रगती आहे.

अक्षर तुझ्या लेकीचं आहे. मी सांगते, भुंगी लिहिते. सात वर्षांची पोर, पण माझ्यासारख्या अंगठाबहाद्दर बाईला पुरून उरते. "आजी, हळू सांग," एवढीच तिची तक्रार.

सूनबाई तिला सोडून गेली तेव्हा "चार दिवस राहू दे" म्हणाली, बाकी काही नाही. सोबत तुझा कोट दिला. पियानो दुरुस्त करणाऱ्यांचा संघ तुझा सत्कार करतोय, पोट वाढलंय, पाठीत सैल करा, असा तिचा निरोप. केलाय. त्याबद्दल पुढे सांगते.

परवा गिऱ्हाइकाच्या देखत भुंगी मला म्हणाली, "ही बाही त्या बाहीपेक्षा लांब झालीय." झालीच होती. माझा हात शिवशिवला, खोटं कशाला बोलू. हातात कात्री होती, ती तिलाच दिली. म्हटलं, "चूक दाखवलीस ना, आता बस इथे. उसव. मी परत शिवेपर्यंत उठायचं नाही." बसली बिचारी. सुई टोचून घेतली, पण उठली नाही. पुढच्या वेळी माझ्या कानात सांगायचं, असं आमचं ठरलंय.

कानावरून आठवलं. हाक मारली की ती मान वळवून उजवा कान पुढे करते. जेवताना गुणगुणायची, म्हणून तर भुंगी म्हणायचो. आता ताटावर शुकशुकाट असतो. मी काही विचारलं नाही. काल कानाच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा तिने सांगितलं. पियानो सुरात लागला, असं तू हॉटेलवाल्याला सांगत होतास, आणि ही म्हणाली, "बाबा, वरची एक पट्टी अजून उतरलेली आहे." तिचं बरोबर होतं. तुलाही ते कळलं होतं, म्हणून तर हात उठला. आणि धाकट्या, स्वतः कानावर पोट भरणाऱ्या माणसाने मारलं कुठे, तर कानावर.

हे वाक्य ती लिहीत नव्हती. पेन खाली ठेवून म्हणाली, "बाबांना वाईट वाटेल." मी म्हटलं, "म्हणूनच लिही."

पडद्याला इजा आहे, भरून येईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तोवर कानात एकच सूर वाजत राहतो. कोणता, तेही भुंगीने त्यांना सांगितलं.

आता कोट. गणिताच्या मास्तरांनी तुला वळ उठेपर्यंत मारलं होतं, कारण उत्तर तुझं बरोबर होतं आणि फळ्यावरचं त्यांचं चूक. त्यांची पँट तेव्हा माझ्याकडे शिवायला होती. मागची शिवण मी कच्च्या दोऱ्याने घातली. बक्षीस समारंभात मास्तर पडलेला कागद उचलायला वाकले, आणि पुढचं सगळ्या शाळेने पाहिलं. तू कितीतरी दिवस हसत होतास. तेही विसरला असशील.

तो दोरा मी जपून ठेवलाय. तुझ्या कोटाची पाठ त्यानेच शिवलीय. मानपत्र घ्यायला हात पुढे केलास की पुरे.

आधी सांगून टाकलं म्हणून निश्चिंत होऊ नकोस. कोट माझ्याकडे आहे आणि दुसरा तुझ्याकडे नाही. सत्काराआधी स्वतः ये. भुंगीच्या उजव्या बाजूला बस आणि जे म्हणायचं ते तिच्या त्या कानात म्हण. मग तुलाही कात्री देईन. उसव. मी परत शिवेपर्यंत उठायचं नाही.

नाही आलास, तर कोट पाठवून देईन. पोर पाठवणार नाही.

मास्तरांना अजून न विसरलेली,
तुझी आई

ता. क. बिस्किटं परत आणू नकोस. मी ती दुधात बुडवून खाते, माझं काही अडत नाही. चावताना हिचा कान दुखतो. मऊ पाव आण, आणि चांगली पिकलेली केळी.