धुक्यातली कोरडी जागा

३ मार्च
नोकरीचा पहिला दिवस मजेत गेला. खोली वरच्या मजल्यावर, टेबल खिडकीशी, खुर्ची तेवढी डुगडुगती. तळमजल्यावर काचेची मोठी खोली आहे. तिच्यात फवाऱ्याने बारीक थेंब सोडतात आणि कॅमेरा सांभाळणाऱ्या ताई त्यांचे फोटो काढतात. तेच थेंब कुठे वळतील, कुठे बसतील, हे मी संगणकावर आधी मांडायचं आणि मग दोन्ही ताडून पाहायचं. सर म्हणाले, गणित आणि खरं पाणी यांचं भांडण लागलं की मध्ये पडायचं, एवढीच तुझी नोकरी! धाकटी बहीण फोनवर हसत सुटली. एवढं शिकून शेवटी थेंबच मोजतेस का, म्हणाली.

६ मार्च
सगळं जुळतंय, मागच्या भिंतीजवळची एक जागा सोडून. माझ्या गणिताप्रमाणे तिथे दाट धुकं हवं. फोटोत मात्र थेंब तिथवर येतात आणि बाजूने वळून जातात. ताईंनी फवारे उघडून साफ केले, कॅमेऱ्याचं भिंग बदललं. शेवटी वैतागून म्हणाल्या, तुझंच काहीतरी चुकतंय, पोरी. मी गणित तीनदा तपासलं.

१० मार्च
आज सहज म्हणून संगणकात त्या जागी एक अडथळा ठेवून पाहिला. आधी नुसता खांब. जुळेना. मग त्याला खांदे दिले. डोकं दिलं. तंतोतंत जुळलं.
सरांनी शाबासकी दिली आणि काय बदललं ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पडदा बंद केला. मग म्हणाले, अहवालात हे लिहू नकोस.

११ मार्च
कालचा अडथळा आज जुळला नाही. दोन पावलं पुढे सरकवला, तेव्हा जुळला.

१२ मार्च
आणखी तीन पावलं. दाराकडे.
फवारणी झाली की काच पुसायला ताई त्याच दारातून आत जातात. मी धावत खाली गेले, त्यांची बाही धरली, जाऊ नका म्हटलं. त्या हसल्या. "अगं, पाणी आहे ते! चावतंय की काय?"
बाही सोडवून आत गेल्या.

१३ मार्च
आजच्या फोटोत कोरडी जागा कुठेच नाही. सर खूश. सुटलो एकदाचे, म्हटलं.
दुपारी ताई नळाखाली हात धरून उभ्या होत्या. पाणी बोटांना लागतच नव्हतं. आधीच फाटून बाजूने जात होतं. त्यांनी माझं मनगट गच्च पकडलं.
"तुला दिसतंय ना? मला तहान लागलीय गं. कालपासून तोंडात थेंब जात नाही."

१४ मार्च
ताई इस्पितळात. सर म्हणाले, सलाइन लावलंय, पण नळीतून खाली उतरतच नाही—
सकाळी तोंड धुतलं. चेहरा कोरडा.

१५ मार्च
पेला ओठांना लावला की पाणी कडेने— जीभ लाकडासारखी. ताईंनी मनगट धरलं, तेवढ्यानेच. सरांना फोन केला, कुणाला पाठवू नका, मला कुणी शिवू नका. त्यांनी घाबरून घरी कळवलं. बहीण निघालीय. फोन उचलत नाही—

दुपार
जिन्यावर तिची पावलं. ओरडायला गेले, घशातून आवाजच— दाराखालून चिठ्ठी सरकवली. हात लावू नकोस. ती म्हणतेय, वेडी झालीस का, घरमालकांनी किल्ली दिलीय मला. कडी लावायला हवी, पण पाय—

कुलूप फिरलं.
रडतेय. हात पसरून— नको, सोने, जवळ नको, मला मिठी—